पहिली कॅमेरा बॅग निवडताना

कॅमेरा घेतला की दुकानदार बऱ्याचदा सोबत एक काळी चौकोनी बॅग देतो. वर कंपनीचं नाव ठळक छापलेलं, आत दोन कप्पे, बाहेर चेनचा एक खिसा. घरात कॅमेरा ठेवायला ती ठीक आहे. पण ती घेऊन बाहेर पडायला लागलं की अडचणी कळायला लागतात. दुसरी लेन्स बसत नाही, पाण्याची बाटली हातात धरावी लागते, पट्टा खांद्यात रुततो, आणि स्टेशनवर लांबूनच कुणालाही कळतं की आत कॅमेरा आहे. मग नवीन बॅगेचा शोध सुरू होतो. इथे नवखी मंडळी हमखास कप्प्यांना भुलतात. जितके कप्पे जास्त, जितकं सामान जास्त मावेल, तितकी बॅग चांगली, असं वाटतं.

मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही कशाने जाणार, किती चालणार आणि दिवसभरात किती वेळा कॅमेरा बाहेर काढणार, यावरून बॅग ठरते. कॅमेरा काढायला जिच्यात त्रास होतो, त्या बॅगेपायी फोटो राहून जातात. तो बाहेर काढण्याचाच कंटाळा यायला लागतो.

१. आधी सामान पलंगावर मांडा

तुमच्याकडे आहे ते सगळं एकदा बाहेर काढून मांडा: कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, चार्जर, बॅटऱ्या, फिल्टर, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), पुसायचं कापड. आता त्यातून एका नेहमीच्या दिवशी खरोखर बरोबर नेता तेवढंच वेगळं करा. हा ढीग बराच लहान निघतो. बॅग या लहान ढिगासाठी घ्यायची आहे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी रोज मोठी बॅग वागवण्यात अर्थ नाही.

हा लहान ढीग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. कॅनन १५००डीची बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, साधारण ४७५ ग्रॅम, त्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स २०० ग्रॅमच्या आसपास आणि ५५-२५० एसटीएम ही लांबची लेन्स ३७५ ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून किलोभर. हेच सोनी ए७ फोर कॅमेरा, त्यावर २४-७० जीएम टू लेन्स आणि सोबत ७०-२०० जीएम टू लेन्स असं धरलं, तर नुसती बॉडी आणि दोन लेन्सच जवळपास २.४ किलोंवर जातात. त्यात फ्लॅश, बॅटऱ्या, पाणी आलं. रिकाम्या बॅगेचं वजन मात्र कुणी विचारत नाही. जाड फोमची मोठी पाठीवरची बॅग रिकामीच दीड-दोन किलोंची असू शकते. किलोभर सामानासाठी दोन किलोंची बॅग घेऊ नका.

वजनानंतर लांबी. तुमची सगळ्यात लांब लेन्स, तिच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं कडं (हूड) उलटं लावून, पट्टीने मोजा. ती कॅमेऱ्याला लावलेलीच ठेवायची असेल तर कॅमेऱ्यासकट मोजा. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना इथे फार काळजी घ्यावी लागते. सोनीची २००-६०० लेन्स एकटीच ३१८ मिलिमीटर लांब आहे. मागे बॉडी लावली की बॅगेच्या आत ४० सेंटिमीटरच्या आसपास उंची हवी. विकत घेताना दिलेलं माप आतलं आहे की बाहेरचं, हे नक्की बघा. फोमच्या जाडीने दोन्हींत बराच फरक पडतो. आणि खोली विसरू नका. लांबी-रुंदी जुळते, पण बॅग उथळ असल्याने बॉडीची पकड चेनला टेकते, असं खूपदा होतं.

२. दिवस कसा जातो ते बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा तुम्ही पुण्याहून सासवडपर्यंत आळंदीच्या पालखीबरोबर चालताय. सतत चालणं, सतत गर्दी, दर पाच मिनिटांनी काहीतरी दिसतंय. दिवेघाटात वर चढून मागे वळलं की वाइड लेन्स हवी, आणि पुढच्याच क्षणी एखाद्या आजींच्या डोक्यावरच्या तुळशीवृंदावनासाठी लांबची. पाठीवरची बॅग असेल तर प्रत्येक वेळी ती उतरवायची, कुठेतरी टेकवायची, उघडायची. पावसाच्या दिवसांत टेकवायला कोरडी जागाही मिळत नाही. अशा दिवशी खांद्यावरची बॅग किंवा स्लिंग (एकाच तिरक्या पट्ट्याने अंगावर घ्यायची बॅग) हवी. ती कमरेवरून पोटाकडे ओढली की उभ्या उभ्या उघडते आणि तिच्याच तोंडावर लेन्स बदलता येते.

खांद्यावरच्या मऊ बॅगेचा इतिहासही असाच आहे. १९७०च्या दशकात फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी कॅनव्हासची एक मऊ, कमी फोमची बॅग तयार केली. तोवरच्या कडक पेट्या सामान जपायच्या, पण त्यांच्यातून काम करता यायचं नाही. डोमके यांच्या बॅगेत हात घातला की लेन्स हाताला लागायची. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांमध्ये ती बॅग पुढे कितीतरी वर्षं चालली.

पण एका खांद्यावर वजन किती घ्यायचं याला मर्यादा आहे. साधारण दोन-अडीच किलोंपर्यंत ठीक. त्यापुढे संध्याकाळी मान आणि कंबर धरते. दोन बॉड्या आणि तीन लेन्स घेऊन लग्नाचं काम करणारे बरेच जण म्हणून पाठीवरच्या बॅगेतून सामान हॉलवर नेतात आणि तिथे पोचल्यावर कमरेच्या पट्ट्यातले पाऊच किंवा लहान स्लिंग लावून फिरतात. मोठी बॅग एका खोलीत कुलपात राहते.

ट्रेकचं गणित वेगळं. हरिश्चंद्रगड किंवा राजगडाला जाताना निम्मी बॅग पाणी, डबा, जर्किन आणि टॉर्चनेच भरते. पूर्ण फोमच्या कॅमेरा बॅगेत हे कुठेच बसत नाही. इथे दोन उपाय आहेत. एक, वर मोकळा कप्पा आणि खाली कॅमेऱ्याचा कप्पा असलेली बॅग. दुसरा, तुमच्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये बसेल असा फोमचा इन्सर्ट. नवख्या माणसाने पहिल्यांदा हा इन्सर्टच घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. कप्पे असलेला हा मऊ डबा कॉलेजच्या सॅकमध्ये, ऑफिसच्या बॅगेत, शबनममध्येही जातो. खर्च थोडा, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि सहा महिने वापरल्यावर आपल्याला नक्की कशी बॅग हवी हे स्वतःलाच उमगतं. नंतर मोठी बॅग घेतली तरी इन्सर्ट वाया जात नाही.

ताडोब्यात जिप्सीत बसायचं असेल तर चालण्याचा प्रश्नच नाही. तिथे वरून मोठं तोंड उघडणारी, मांडीवर किंवा सीटवर उभी राहणारी आणि एका हाताने बंद होणारी बॅग लागते. लेन्स लावलेला कॅमेरा तसाच आत जायला हवा, कारण वाघ रस्त्यावर आल्यावर लेन्स जोडत बसायला वेळ नसतो. भिगवणला होडीतून रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी बॅगेचा तळ बघावा. होडीच्या तळाशी थोडं पाणी असतंच. रबराचा किंवा जाड कोटिंगचा तळ असलेली, न कलंडता उभी राहणारी बॅग तिथे कामाची.

आणि मुंबईची लोकल. गर्दीत पाठीवरची बॅग पुढे छातीवर घ्यावी लागते. रोज लोकलने जाणार असाल तर फुगीर बॅग नको, सपाट आणि अरुंद घ्या. उघडण्याची बाजूही इथे महत्त्वाची. काही बॅगा पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडतात. हा प्रकार मला फार आवडतो. पाठीवर असताना मागून कुणाला चेन उघडता येत नाही. जमिनीवर ठेवताना पट्ट्यांची बाजू वर येते, चिखल दुसऱ्या बाजूला लागतो, आणि पुन्हा पाठीवर घेताना शर्ट खराब होत नाही. बाजूने उघडणारी बॅग वेगाने काम करायला सोयीची, पण तिच्या चेनला आतून हूक किंवा बक्कल आहे ना हे बघा. चेन अर्धवट लागलेली असताना कॅमेरा त्या फटीतून थेट रस्त्यावर पडू शकतो.

३. धूळ आणि पाऊस

परदेशी व्हिडिओ बघून बॅग घेणाऱ्यांचं इथे चुकतं. आपल्याकडची धूळ साधी नसते. जेजुरीला सोमवती अमावास्येला भंडारा उधळतात, जोतिबाला चैत्र यात्रेत गुलाल. ही पूड इतकी बारीक असते की चेनच्या दातांतून आत जाते, वेल्क्रोत बसते आणि तिथून पुढच्या वेळी लेन्स बदलताना सेन्सरवर येते. अशा ठिकाणी चेनवर कापडाची झडप असलेली बॅग हवी. जाळीचे खिसे टाळा, त्यांत पूड भरून राहते. लेन्स बदलायचीच नाही असं ठरवून एकच झूम लेन्स लावून गेलात तर उत्तम. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करा, सगळे डिव्हायडर (आतले कप्पे पाडणारे सुटे पडदे) काढा, उलटी करून झटका आणि कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. हळद ओली झाली की डाग कायमचा बसतो.

अस्तराचा रंग हा बारीक तपशील वाटेल, पण तो बघाच. आत काळं अस्तर असेल तर काळी लेन्स कॅप, काळी बॅटरी, ट्रायपॉड प्लेटचा बारीक स्क्रू काहीच दिसत नाही. राखाडी, केशरी किंवा फिकट पिवळ्या अस्तरावर धूळही दिसते आणि वस्तूही.

आता पाऊस. बॅगेवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ थोडी रिमझिम सोसेल इतकाच. कापडावर कोटिंग असलं तरी पाणी शिवणीतून आणि चेनमधून आत येतं. रेनकव्हर असलेली बॅग घ्या, पण दुकानातच ते चढवून बघा. ट्रायपॉड लावल्यावरही पुरतं का? जोराच्या वाऱ्यात उडून जाऊ नये म्हणून त्याला पट्टा आहे का? शिवाय रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. तासभर पावसात चाललं की मानेवरून ओघळणारं पाणी पाठीच्या फोममध्ये मुरतं आणि तिथून आत जातं. आंबोलीला जूनमध्ये रात्री बेडूक शोधत फिरणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून घाटमाथ्यावर किंवा कोकणात पावसाळ्यात जाताना बॅगेच्या आतही एक जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) घाला आणि इन्सर्ट त्यात ठेवा. रेनकव्हर बाहेरून, पिशवी आतून. दोन्ही लागतात.

बॅग कोरडी दिसली तरी फोम ओला असतो, आणि तो वाळायला दोन-दोन दिवस घेतो. हवेत साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला लागते. ओल्या फोमच्या बंद, अंधाऱ्या बॅगेत तिला हवं ते सगळं मिळतं. त्यामुळे पावसाळ्यात बॅगेला कपाट समजू नका. घरी आलात की सामान बाहेर काढा, पुसा, आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवा. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली की झालं. निळं सिलिका जेल ओलावा शोषल्यावर गुलाबी होतं. गरम करून वाळवलं की पुन्हा वापरता येतं. बॅग मात्र उघडी करून पंख्याखाली टांगा. चामड्याच्या बॅगा दिसायला देखण्या असतात, हे खरं. पण मुंबई-कोकणात राहत असाल तर श्रावणापर्यंत त्यांच्यावर पांढरी बुरशी येते. तिथे कॅनव्हास किंवा नायलॉन बरं.

४. दुकानात बॅग भरून बघा

शक्य असेल तर बॅग प्रत्यक्ष बघून घ्या. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना लागून आहेत, तिथे एका फेरीत बरेच प्रकार हाताळता येतात. जाताना आपला कॅमेरा आणि लेन्स घेऊन जा. रिकामी बॅग खांद्यावर सगळ्यांनाच छान बसते.

सामान भरा, बॅग अंगावर घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. दुकानात फिरा, वाका, बसा, जिना असेल तर चढा. स्लिंग असेल तर मुद्दाम बुटाची नाडी बांधायला खाली वाका. ती गरकन पुढे येऊन गुडघ्यावर आपटत असेल, तर तिला शरीराशी धरणारा दुसरा पट्टा आहे का ते विचारा. पाठीवरची बॅग पाच किलोंच्या वर जाणार असेल तर कमरेचा पट्टा रुंद आणि फोमचा हवा. तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही, तरच खांद्यांचं वजन खाली उतरतं. छातीवरचा पट्टा वर-खाली सरकणारा असावा. बऱ्याच बॅगा पुरुषांच्या मापाने बेतलेल्या असतात, त्यामुळे मुलींनी आणि बुटक्या बांध्याच्या लोकांनी हे दोन्ही पट्टे नीट लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग शिवण बघा. खांद्याचा पट्टा बॅगेला जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुली अशी दुहेरी शिवण असते. तिथे नुसती एकेरी सरळ टीप दिसली तर बॅग परत ठेवा. चेन एका हाताने कोपऱ्यावरून फिरवून बघा, रनर अडकता कामा नये. चेनवर वायकेके (चेन बनवणारी नावाजलेली कंपनी) असं कोरलेलं असेल तर ते चांगलं लक्षण आहे. कापडाच्या बाबतीत ४२०डी, ६००डी, १६८०डी असे आकडे लिहिलेले असतात. आकडा मोठा तसा धागा जाड, आणि त्याबरोबर वजनही जास्त. फोम तपासताना बाजूंपेक्षा तळावर जास्त लक्ष द्या. बॅग नेहमी तळावर आदळते. तळ अंगठ्याने दाबला आणि पलीकडचं टेबल जाणवलं, तर तो फोम पुरेसा नाही.

लग्नात, कीर्तनात, गाण्याच्या बैठकीत काम करणार असाल तर वेल्क्रोची झडप टाळा. विधींच्या मध्ये क्षणभर शांतता होते, नेमका तेव्हाच तो चर्र आवाज हॉलभर जातो.

ब्रँडबद्दल फार बोलत नाही. लोवेप्रो, व्हॅनगार्ड, मॅनफ्रोटो, थिंक टँक, पीक डिझाइन ही सगळी नावं कानावर येतील, किमतीही खूप वेगवेगळ्या दिसतील. पहिल्या बॅगेला ५० एमएम एफ/१.८ लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. त्याच पैशांत ती लेन्सच घ्या. बाहेरून कॅमेरा कंपनीचं नाव नसलेली, साधी दिसणारी बॅग निवडा. सेकंडहँड मिळत असेल तर जरूर बघा, पण आधी तिच्यात नाक घालून वास घ्या. कुबट वास आला तर घेऊ नका. फोम चुरा होत असेल तरीही नको.

५. गाडीवर, एसटीत, विमानात

दुचाकीवर बॅग पाठीवरच घ्या. स्कूटरच्या पायाजवळ ठेवली किंवा हूकला लटकवली तर इंजिनाची आणि खड्ड्यांची सगळी थरथर थेट लेन्सला बसते. बॅग पाठीवर असली की ती थरथर अंगात जिरते. एसटीत वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्या.

विमानात देशांतर्गत इकॉनॉमीला हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते आणि आकाराची ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या आसपास. तिकीट काढलेल्या कंपनीचे नियम जाण्यापूर्वी बघून घ्या. कॅमेरा आणि लेन्स कधीच चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्टची, २२८० एमएएचची बॅटरी जेमतेम १६.४ वॉट-अवरची भरते, त्यामुळे काळजी नको. फक्त तिच्या धातूच्या टोकांना टोपण लावा.

६. बॅग लावून घ्या

नवीन बॅगेतले डिव्हायडर कंपनीने लावलेत तसेच ठेवू नका. सगळे काढा आणि आपल्या सामानाभोवती पुन्हा लावा. कॅमेरा सर्वांत जास्त वापरायच्या लेन्ससह, हात आधी जातो तिथे. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असली की अंधारातही हात बरोबर जातो. मेमरी कार्डं आतल्या चेनच्या खिशात ठेवा, रिकामी सुलट आणि भरलेली उलट. एका चिठ्ठीवर स्वतःचा फोन नंबर लिहून आत टाका, आणि बॉडी व लेन्सचे सिरियल नंबर फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार देताना तेच लागतात.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बॅग उचलण्याआधी चेन पूर्ण बंद. दोन पावलांवर जायचं असलं तरी.

ट्रायपॉड शक्यतो बॅगेच्या मधोमध लावा. बाजूला लावला की वजन एकीकडे झुकतं आणि गर्दीत त्याचे पाय लोकांना लागतात. लोकलमध्ये तो काढून हातात उभा धरा. दोन-तीन वेळा बाहेर जाऊन आलात की पुन्हा एकदा डिव्हायडर हलवा. जी वस्तू एकदाही काढली गेली नाही, तिला घरी ठेवा आणि तिच्या जागी पाण्याची छोटी बाटली बसते का ते बघा. मात्र बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात नको, बाहेरच्या खिशातच ठेवा.